लोखंडाचा जीर्णोद्धार

‘जुनें तें सोनें’ ही म्हण ज्यानें प्रथम उच्चारली, त्याचा समुद्रकांठच्या लोखंडाशीं फारसा संबंध आला नसावा. सोनें जुनें झालें तरी सोनेंच राहतें. लोखंड मात्र जुनें होतां होतां माती होऊं लागतें. खाणींतून निघणारें लोहखनिज हें बहुतांशीं लोह आणि प्राणवायु यांचेंच संयुग असतें. मनुष्य भट्टी पेटवून त्यांतील प्राणवायु हिसकावून घेतो व चकचकीत धातु जगापुढें ठेवतो. पण हवा आणि पाणी हीं दोघें मिळून तो प्राणवायु त्या लोखंडास हळूहळू परत करीत असतात. गंज म्हणजे लोखंडाचें स्वगृहीं परतणें होय. लोखंडाच्या बाबतींत ती म्हण खरी ठरल्याचें एकच उदाहरण मला ठाऊक आहे, तें आयुर्वेदांतलें. जुन्या लोहकिट्टास, म्हणजे लोखंडाच्या मळास, रसशास्त्रांत ‘मंडूर’ म्हणतात, त्याचें भस्म पांडुरोगावर देतात, आणि शंभर वर्षांचें मंडूर उत्तम, ऐंशींचें मध्यम, साठांचें कनिष्ठ अशी त्याची प्रतवारी लावतात. परंतु ज्यास लोखंड औषधाकरितां नव्हे, तर वापराकरितां राखावयाचें आहे, त्यास या प्रतवारीचा कांहीं उपयोग नाहीं. त्याच्यापुढें प्रश्न निराळाच असतो: गंजलेलें किती कापून टाकावें, उरलेलें किती राखावें, आणि एवढें झाल्यावर जी वस्तु हातीं येईल ती पहिलीच म्हणावी कीं दुसरी?

आमच्या घरीं हा प्रश्न एका मोटारीच्या निमित्तानें उपस्थित झाला. पण मोटारीकडे वळण्यापूर्वीं गांवाविषयीं दोन शब्द सांगणें अवश्य आहे; कारण त्या मोटारीच्या दुखण्याचें मूळ गांवाच्या हवेंतच आहे. मीरा-भाईंदर हें आतां मोठें शहर असून २००२ सालीं येथें महानगरपालिकाही झाली. भूगोल मात्र जुनाच राहिला. उत्तरेस वसईची खाडी, पश्चिमेस उत्तनचा समुद्र, आणि मध्यें मिठागरें. मिठाचा एक धर्म असा आहे कीं, हवेंतील आर्द्रता शेंकडा ७५ च्या वर गेली कीं तें हवेंतूनच पाणी ओढून घेतें आणि स्वतः विरघळूं लागतें. पावसाळ्यांत स्वयंपाकघरांतील मिठाला पाणी सुटतें हें प्रत्येक गृहिणी जाणते. हेंच मीठ वाऱ्याबरोबर येऊन पत्र्याच्या सांध्यांत बसलें कीं पाऊस पडत नसतांही तेथें खारें पाणी तयार होतें. गंज चढणें ही वस्तुतः एक सूक्ष्म विद्युत्-क्रिया आहे. पत्र्याचा एक ठिपका झिजतो, शेजारचा ठिपका प्राणवायूस इलेक्ट्रॉन पुरवितो, आणि मधल्या ओलाव्यांतून हा सारा व्यवहार पुरा होतो. खारें पाणी विजेचें चांगलें वाहक असल्यामुळें हा व्यवहार येथें घाटावरच्यापेक्षां कितीतरी वेगानें चालतो.

दुसरी अडचण अशी कीं, गंज हा आपल्याखालच्या लोखंडाचें रक्षण करीत नाहीं. तांब्यावर चढणारा हिरवट थर किंवा ॲल्युमिनियमवरचा अदृश्य थर हा आंतल्या धातूस पांघरुणासारखा असतो. लोखंडाचा गंज सच्छिद्र व फुगीर; तो ओलावा धरून ठेवतो आणि खालचें लोखंड अधिकच खातो. मेहरौलीचा लोहस्तंभ सुमारें १६०० वर्षें उभा आहे, त्याचें मुख्य कारण असें सांगतात कीं त्याच्या लोखंडांत फॉस्फरसचें प्रमाण अधिक असल्यानें त्यावर एक घट्ट संरक्षक थर धरला गेला; कानपूरच्या तंत्रविज्ञान संस्थेंतील प्रा. आर. बालसुब्रमण्यम् यांनीं या विषयावर विस्तृत संशोधन केलें आहे. मोटारीच्या पत्र्यास असें भाग्य लाभत नाहीं.

आतां मोटारीविषयीं. शेठ वालचंद हिराचंद यांनीं १९४४ सालीं प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली आणि कुर्ल्याच्या कारखान्यांतून मोटारी बाहेर पडूं लागल्या, हें जुन्या वाचकांस सांगावयास नकोच. इटलींत १९५३ सालीं निघालेली ‘फियाट ११००’ ही गाडी या कारखान्यानें इकडे आणली. तिच्या रूपांत वेळोवेळीं थोडाथोडा फरक होत गेला, आणि १९७२ च्या सुमारास तिला ‘प्रेसिडेंट’ व १९७४ मध्यें ‘पद्मिनी’ अशीं नांवें मिळालीं. १०८९ घनसेंटिमीटरचें चार नळकांड्यांचें इंजिन, स्टिअरिंगच्या दांड्याला गिअर, आणि पुढें-मागें सलग बैठकी. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीचें हेंच रूप दोन पिढ्यांनीं पाहिलें. त्यांपैकीं शेवटची टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबर महिन्याच्या अखेरीस वयोमर्यादेच्या नियमानें रस्त्यावरून गेली. माझे वडील बंधु, ज्यांना आम्ही सर्व दादा म्हणत असूं, त्यांनीं १९७३ सालीं ‘प्रेसिडेंट’ घेतली. त्या काळीं मोटारीसाठीं नांव नोंदवून वर्षानुवर्षें वाट पाहावी लागे. दादांना ती मिळाली तेव्हां घरांत लग्नकार्याइतकी धामधूम झाली होती. पुढें भाईंदरला बिऱ्हाड आलें तेव्हां गाडीही आली, आणि खाऱ्या वाऱ्यांत ती चाळीस वर्षें उभी राहिली.

दादांच्या हयातींतच तिच्या तळाला व दारांखालीं गंजाचे फोड आले होते. त्यांनीं ती एका ठिकाणीं दुरुस्तीला दिली. तेथून ती आली तेव्हां नव्यासारखी तुळतुळीत दिसत होती आणि दादा समाधान पावले. त्यानंतर दोन वर्षांनीं दादा गेले. पुढल्या वर्षीं एकदां चाक पंक्चर झालें म्हणून पुतण्यानें जॅक लावला. गाडी वर उचलली जाण्याऐवजीं जॅकच वर सरकत दारांखालच्या पत्र्यांत शिरला, आणि खालीं ढलपेच्या ढलपे गळून पडले. त्यांत लोखंड थोडें, पुटी व काचतंतूचें कापड अधिक होतें. भोंकें बुजवून, वरून घासून, त्यावर रंगाचा हात फिरविला होता, एवढाच त्या दुरुस्तीचा अर्थ. दैव बरें म्हणून गाडीखालीं कोणाचा हात नव्हता.

येथें एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. पूर्वींच्या मोटारींना खालीं लोखंडी तुळयांची स्वतंत्र चौकट असे व तिच्यावर बॉडी बसविलेली असे. अशा मोटारीचा पत्रा गंजला तर ती विद्रूप दिसे, पण मोडत नसे. फियाट ११०० मध्यें ही स्वतंत्र चौकट नाहीं. तळ, दारांखालून जाणारी पत्र्याची पोकळ पेटी, दारांमधले खांब आणि छप्पर हीं सर्व एकत्र जोडून जो सांगाडा होतो तोच तिचें बळ. त्या पोकळ पेटीस मी उंबरा म्हणतों. कारण घरांत शिरतांना उंबरा ओलांडावा तसा तो ओलांडूनच गाडींत बसावें लागतें. अशा गाडीचा उंबरा गंजणें म्हणजे शरीराची कातडी खरचटणें नव्हे, हाड कुजणें आहे. त्यावर पुटी भरणाऱ्यानें केवळ कुरूपता झांकली नव्हती, धोका झांकला होता.

या प्रसंगानंतर घरांत दोन पक्ष पडले. पुतण्याचें म्हणणें असें कीं गाडी मोडींत काढावी. त्याच्या म्हणण्यांत तथ्य नव्हतें असें नाहीं. २०२१ सालापासून सरकारनें जुनीं वाहनें मोडींत देण्याची रीतसर व्यवस्था केली असून, मान्यताप्राप्त केंद्रावर वाहन दिल्यास जें प्रमाणपत्र मिळतें त्यावर नवें वाहन घेतांना सवलतही मिळते. “काका, बाबांची आठवण म्हणून ठेवायची आणि एखाद्या दिवशीं आईलाच त्यांतून अपघात व्हायचा, हें मला नको,” असें तो म्हणाला. वहिनींचें वय पंचाहत्तरच्या पुढें आहे. त्या बराच वेळ बोलल्या नाहींत. शेवटीं म्हणाल्या, “भाऊजी, मला नवी गाडी नको आणि रंगवलेली जुनीही नको. तिच्यांत खरें किती उरलें आहे तें एकदां कोणाकडून तरी पाहून घ्या, आणि मला खरें तेंच सांगा. घरांत एकदां झालें तेवढें पुरे.”

या शेवटच्या वाक्याचा अर्थ आम्हां दोघांना कळला. दादांनीं आपला आजार सहा महिने कोणासही कळूं दिला नव्हता. स्वच्छ इस्त्रीचा सदरा, दाढी घोटलेली, चेहरा हंसरा. आणि आंत सर्व पोखरलेलें. वहिनींना तें समजलें तेव्हां उपायाची वेळ टळून गेली होती.

काशिमीऱ्याच्या बाजूस पत्रेकाम करणारे एक वृद्ध मिस्त्री आहेत. त्यांना मी गाडी दाखविली. त्यांनीं रंगाकडे पाहिलेंच नाहीं. एक लहान हातोडी घेऊन ते गाडीभोंवतीं ठोकत फिरले. जेथें पत्रा शाबूत होता तेथें टणत्कार होई. जेथें पुटी होती तेथें भद्द असा आवाज येई. मडकें घेतांना आपण तें वाजवून पाहतों, त्यांतलाच हा प्रकार. मग त्यांनीं टोकदार आर घेऊन संशयाच्या जागा टोंचल्या आणि खडूनें रेघा ओढल्या. मी विचारलें, “मिस्त्री, एवढ्या रेघा? गंज तर हातभरच दिसतो.” ते म्हणाले, “मास्तर, दिसतो तेवढा गंज नसतो. आणि गंजावर रंग म्हणजे उधारी. वसुलीला तो येणारच, आणि व्याजासकट येणार.” उंबरे दोन्ही बाजूंचे, पुढचा तळ, मागच्या चाकांवरचे कांठ आणि डिकीचा खालचा भाग एवढें गेलें आहे; छप्पर, खांब, चारी दारांचे वरचे भाग, बॉनेट व पुढची भिंत शाबूत आहे, असा त्यांनीं निर्णय दिला. खर्चाचा आंकडा सव्वा लाखाच्या घरांत गेला. वहिनींनीं ऐकून घेतलें आणि आपल्या ठेवींतून रक्कम काढली.

पुढचे दोन महिने मी जवळजवळ रोज तेथें जाऊन बसत असें. अध्यापनांत जन्म गेलेल्या मनुष्यास दुसऱ्याचें अध्यापन पाहण्यांत गोडी वाटते, आणि त्या मिस्त्रींच्या हाताखालीं दोन पोरें शिकत होतीं. पहिले दोन दिवस त्यांनीं कांहींच कापलें नाहीं. पेट्रोलची टाकी उतरविली, बॅटरी सोडली, बैठकी व आंतलें अस्तर बाहेर काढलें. कारण ठिणगी कोठें उडेल त्याचा नेम नसतो. मग गाडी सपाट जमिनीवर ठोकळ्यांवर पातळींत बसवून दारांच्या चौकटींत लोखंडी नळ्यांचे आडवे-तिरपे टेकू जोडले. उंबरा कापला कीं ही सांगाड्याची गाडी मधोमध खचते. खचलेल्या स्थितींत नवा पत्रा जोडला तर ती वांकडेपणासह कायमची होऊन बसते आणि दारें पुन्हां कधीं लागत नाहींत. म्हणून कापण्यापूर्वीं आधार. आणि आधार दिल्यावरही एका वेळीं एकच बाजू. प्रत्येक टप्प्याला मिस्त्री दार लावून पाहत. दार आपोआप लागलें कीं गाडी सरळ, अडलें कीं कोठें तरी ओढ आली, अशी त्यांची साधी कसोटी होती.

कापण्याचा त्यांचा नियम एकच: पत्रा पांढरा दिसेपर्यंत जावयाचें आणि त्यापुढें आणखी दोन बोटें. शिकाऊ पोरांस मोह होई कीं येथपर्यंत पुरे, हें घासून निघेल. मिस्त्री म्हणत, “पातळ झालेल्या पत्र्याला जोड धरत नाहीं. आज टाका पडेल, उद्यां त्याच्या शेजारीं भोंक पडेल.” पण दुसऱ्या बाजूनेंही ते तितकेच कडक होते. एका पोरानें सोयीसाठीं चांगला पत्राही सरळ रेषेंत कापावयास घेतला, तेव्हां त्यांनीं त्याचा हात धरला. “तो कारखान्याचा पत्रा आहे. तो तुझा नाहीं, माझा नाहीं. गेलें तेवढेंच काढ.”

नवा पत्रा कोठून आणावयाचा हा दुसरा प्रश्न. अमेरिकेंत १९६० नंतरच्या दहा वर्षांत प्रचंड इंजिनांच्या ज्या मोटारी निघाल्या, त्यांच्या हौशी लोकांची तेथें इतकी गर्दी आहे कीं त्यांच्यासाठीं पत्र्याचा एकेक भाग आजही नव्यानें छापून विकतात. फोर्ड कंपनीच्या ‘मस्टँग’ या १९६४ सालीं निघालेल्या गाडीची तर संपूर्ण नवी बॉडीही विकत मिळते. आमच्या प्रेसिडेंटला असें माहेर उरलेलें नाहीं. कुर्ल्याच्या भंगारबाजारांत धुंडाळलें तर जुन्या गाडीचा कापलेला भाग मिळतो, पण तोही याच हवेंत वाढलेला. एक रोगी हाड काढून दुसरें रोगी हाड बसविण्यांत काय हंशील? म्हणून मिस्त्रींनीं पुठ्ठ्याचे नमुने कापले, ते जागेवर लावून पाहिले, आणि त्यावरून कोरा पत्रा कापून, वांकवून, डॉली व हातोड्यानें त्यास गोलाई दिली. तळासाठीं २० गेजचा, म्हणजे सुमारें ०.९ मिलिमीटर जाडीचा. उंबऱ्यासाठीं १८ गेजचा, सुमारें १.२ मिलिमीटरचा.

येथें वहिनींनीं एक मार्मिक शंका काढली. भाईंदरला स्टीलच्या भांड्यांचे कारखाने पुष्कळ. तीं भांडीं जन्मभर गंजत नाहींत. मग त्याच स्टीलचा पत्रा गाडीला कां लावूं नये? मिस्त्री हंसून म्हणाले, “तो टिकेल हो, पण शेजारच्याला खाईल.” शास्त्रही हेंच सांगतें. भांड्यांच्या पोलादांत क्रोमियमचें प्रमाण शेंकडा १०.५ हून अधिक असतें, व त्याचा अत्यंत पातळ थर पोलादाचें रक्षण करतो. पण असा पत्रा साध्या लोखंडाला जोडून दोघांवर खारा ओलावा बसला, कीं त्या जोडीचा विद्युत्-घट होतो आणि त्यांत झिजण्याचें काम साध्या लोखंडाकडे येतें. जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा कां नको, असें मीं विचारलें, तेव्हां त्यांनीं सांगितलें कीं तो जोडतांना जस्ताचा धूर छातींत जाऊन ताप भरतो. म्हणून आधीं साधा पत्रा जोडावा आणि मग त्यावर जस्ताचा लेप द्यावा. कोणती वस्तु चांगली एवढें जाणून भागत नाहीं. ती कोणाच्या शेजारीं बसणार आहे हेंही जाणावें लागतें.

जोडण्याचें कामही वाटलें होतें तसें सलग नव्हतें. मिस्त्री येथें एक टाका देत, तेथून वीतभर दूर दुसरा, मग विरुद्ध टोकाला तिसरा. मध्यें पत्रा निवूं देत. एका जागीं सलग उष्णता दिली तर पातळ पत्रा पापडासारखा वर-खालीं होतो, आणि मग तो सरळ करण्यासाठीं पुन्हां पुटीच लागते. टाक्यांमधलीं अंतरें भरत भरत एक हात लांबीच्या जोडाला अर्धा दिवस लागे.

एके दिवशीं त्यांनीं डाव्या बाजूचे कापलेले तुकडे एका फळीवर मांडून ठेवले आणि वहिनींना बोलाविण्यास सांगितलें. वहिनी आल्या. जाळीसारखा झालेला पत्रा, त्यावर तीन निरनिराळ्या वेळचे रंग, मध्यें पुटीचे थर. त्यांनीं प्रत्येक तुकडा हातांत घेऊन पाहिला. “एवढ्यावर आम्ही बसत होतों,” एवढेंच म्हणाल्या. मीं विचारलें, “यांतला एखादा ठेवायचा का?” त्यांनीं मान हलविली. “हें त्यांचें नव्हे. हें त्यांना फसवून दिलेलें आहे. भंगारवाल्याला द्या.” आणि त्या जाऊन शाबूत राहिलेल्या दारावर हात ठेवून थोडा वेळ उभ्या राहिल्या.

मग ही गाडी तीच कीं दुसरी? आमच्या शास्त्रकारांनीं हा प्रश्न सोडलेला नाहीं. नैयायिकांचें मत मोठें कठोर आहे. अवयवी हा अवयवांहून निराळा असला तरी त्यांच्याच आश्रयानें राहतो. म्हणून वस्त्राचा एक धागा निघाला तरी पहिलें वस्त्र नष्ट होऊन दुसरें उत्पन्न झालें असें ते मानतात, आणि ‘हें तेंच’ असें जें आपणांस वाटतें तें दिव्याच्या ज्योतीप्रमाणें केवळ सादृश्यामुळें, असें म्हणतात. या हिशेबानें आमची प्रेसिडेंट १९७३ पासून रोजच नवी होत होती, आणि तिला खरी नवी करण्याचें काम मिस्त्रींनीं नव्हे, गंजानेंच केलें होतें! बौद्धांच्या ‘मिलिंदप्रश्न’ या ग्रंथांत नागसेन राजास विचारतो कीं चाक म्हणजे रथ का, आंस म्हणजे रथ का, आणि शेवटीं रथ हें त्या सर्वांच्या मेळास दिलेलें नांव आहे असें त्यास पटवितो. व्यवहारांतील लोक याहून साधे आहेत. उत्तनच्या किनाऱ्यावर पावसाळ्यांत मासेमारी बंद असते तेव्हां कोळी आपल्या होड्या ओढून वर आणतात, कुजलेल्या फळ्या काढून नव्या घालतात. पण फळी बदलली म्हणून होडीचें नांव कोणी बदलत नाहीं. आणि कायद्यापुरतें पाहिलें, तर मोटारीची ओळख ठोकून कोरलेल्या चासी-क्रमांकांत आहे. तो पत्रा मिस्त्रींनीं पहिल्याच दिवशीं कापडानें झांकून ठेवला होता आणि तेथें हत्यार जाऊं दिलें नाहीं.

पन्नास वर्षांवरील खासगी मोटारींसाठीं २०२१ पासून केंद्र सरकारनें निराळी नोंदणीही ठेवली आहे. मात्र अशी मोटार मूळ स्वरूपांत असावी, तिच्या चासींत, बॉडींत वा इंजिनांत मोठा फेरफार झालेला नसावा, आणि ती रोजच्या वापरांत आणूं नये, अशा तिच्या अटी आहेत. पुतण्यानें ती सुचविली. वहिनी म्हणाल्या, “देव्हाऱ्यांत ठेवायची असती तर एवढा खर्च कशाला केला असता? मला वज्रेश्वरीला जायचें आहे.” म्हणून साधी नोंदणीच पुढें चालविली.

मला स्वतःला या सर्व मतांपेक्षां ‘जीर्णोद्धार’ हा आपला जुना शब्द अधिक पटतो. अग्निपुराणांत त्याचा स्वतंत्र विधि सांगितला आहे. त्यांत जीर्ण झालेली मूर्ति दडवून ठेवावयाची नसते, रंगवून चालवावयाचीही नसते. तिचें यथाविधि विसर्जन करून मग नवी स्थापावयाची असते. उद्धाराच्या आधीं विसर्जन आहे, हें आपण विसरतों. जें गेलें तें गेलें असें म्हणण्याचें धैर्य ज्यास नाहीं, त्याच्या हातून जें राहिलें आहे तेंही राखलें जात नाहीं. त्या पहिल्या दुरुस्तीनें कांहींच टाकलें नाहीं, सर्व ‘राखलें’. आणि त्यामुळें शेजारचा चांगला पत्राही गंजून गेला. या मिस्त्रींनीं पुष्कळ टाकलें, म्हणून उरलेलें वांचलें. गाडी तीच कीं दुसरी याचा निकाल, मला वाटतें, नव्या-जुन्या पत्र्याचें वजन करून लागणार नाहीं. खरें कोणतें आणि खोटें कोणतें हें निवडतांना हात प्रामाणिक होता कीं नाहीं, यावरून तो लागेल.

काम संपण्याच्या सुमारास एक गोष्ट पाहिली ती सांगतों. उंबऱ्याची पोकळी बंद करण्यापूर्वीं मिस्त्रींनीं तिच्या आंतल्या बाजूस जस्ताचा लेप दिला, जोडांच्या रेषा भरून घेतल्या, आणि बंद झाल्यावर लहान छिद्रांतून मेणाचें द्रावण आंत फवारलें. बाहेरच्या रंगापेक्षां त्यांना या आंतल्या रंगाची काळजी अधिक होती. “येथें कोण पाहणार आहे?” असें शिकाऊ पोरगा म्हणाला. मिस्त्री म्हणाले, “पाणी पाहतें ना!”

गाडी घरीं आली, परीक्षा उतरून नोंदणीही पुढें चालू झाली, आणि पुतण्यानेंच वहिनींना वज्रेश्वरीस नेऊन आणलें. निघण्यापूर्वीं त्यानें चारी बाजूंना जॅक लावून पाहिला. त्याबद्दल त्याला कोणी हंसलें नाहीं.

ज्या वाचकांच्या घरीं अशी एखादी जुनी गाडी असेल, त्यांच्यासाठीं मिस्त्रींनीं निघतांना सांगितलेल्या चार गोष्टी येथें नमूद करतों. समुद्राकडून फिरून आल्यावर गाडीचा तळ गोड्या पाण्यानें धुवावा; वरचा भाग एक वेळ राहिला तरी चालेल. ओल्या गाडीवर आच्छादन घालूं नये. पायांखालची चटई महिन्यांतून एकदां उचलून खालीं पाहावें. आणि दारांच्या व उंबऱ्याच्या तळाशीं पाणी निघून जाण्यासाठीं जीं बारीक छिद्रें ठेवलेलीं असतात, तीं मृगापूर्वीं काडी घालून मोकळीं करावीं. कारण पुष्कळ गाड्यांचें मरण त्या चिखलानें बुजलेल्या छिद्रांपाशीं सुरू होतें.